बायबलमधली झाडं, तंबू आणि देवाचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल सलग वाचायला घेतलं की ठरावीक ठिकाणी ठरावीक प्रश्न येतात. मोरेचं झाड आलं की एक, अशेरा आली की दुसरा, शलमोनाचं मंदिर आलं की तिसरा. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वचनांचे आकडे कंसात दिले आहेत, म्हणजे आपापल्या प्रतीत पडताळून पाहता येईल. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. बायबलमध्ये एखाद्या झाडाला 'पवित्र' म्हटलं आहे का?

नाही. पवित्र म्हटली जाते ती भूमी. जळत्या झुडपापाशी मोशेला पायातले जोडे काढायला सांगितलं जातं, ते उभं राहण्याची जागा पवित्र आहे म्हणून (निर्गम ३:५). त्या झुडपाची पूजा होत नाही आणि मोशे पुढे कधी त्याचा शोधही घेत नाही. तरीही इस्राएलाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या गोष्टी झाडाखाली घडतात: दर्शन, करार, न्यायनिवाडा, राज्याभिषेक, दफन. झाड तिथे खूण असतं आणि साक्षीदार असतं. एवढं धरून वाचलं तर बराच गोंधळ मिटतो. जिथे मिटत नाही तो भाग प्रश्न ७ मध्ये आहे.

२. अब्राहाम जिथे जाईल तिथे झाडापाशीच का थांबतो?

कारण तो तंबूत राहणारा, मेंढरं-गुरं घेऊन फिरणारा माणूस होता. शखेम, बेथेल, हेब्रोन, बैरशेबा ही त्याच्या मुक्कामाची गावं डोंगरमाथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या जुन्या वाटेवर आहेत. उघड्या माळावर मोठं झाड लांबून दिसतं, सावली देतं, आणि 'अमक्या झाडापाशी' एवढं सांगितलं की ठिकाण कळतं.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. तो शखेमात मोरेच्या झाडापाशी आला तेव्हा देशात कनानी लोक राहत होते, हे उत्पत्ती १२:६ मुद्दाम सांगतं. ते झाड बहुधा आधीपासूनच कौल घेण्याचं, देवधर्माचं ठिकाण होतं. म्हणजे अब्राहाम रिकाम्या जागी गेला नाही. इतरांच्या देवस्थानापाशी उभा राहिला, तिथे परमेश्वराने त्याला दर्शन दिलं आणि त्याने तिथे वेदी बांधली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. वचन मिळालं ते दुसऱ्यांच्या झाडाखाली.

३. हे नेमकं कोणतं झाड? कुणी ओक म्हणतं, कुणी एलोन.

'एलोन' हा मूळ हिब्रू शब्द, आणि त्यामागे दोन-तीन वेगवेगळी झाडं आहेत. एक, त्या डोंगराळ भागातला सदाहरित ओक. दुसरा, पिस्त्याच्या कुळातला मोठा रानटी वृक्ष. लांबून तो ओकसारखाच भारदस्त दिसतो, म्हणून जुन्या अनुवादांत दोघांची सरमिसळ झाली. आणि बैरशेबाला अब्राहामाने लावलं ते टॅमरिस्क (उत्पत्ती २१:३३): वाळवंटात, खारवट जमिनीत तग धरणारं, बारीक पानांचं.

४. मम्रेच्या झाडाखाली काय घडलं?

मम्रे हे आधी एका माणसाचं नाव आहे: अब्राहामाचा मित्र असलेला अमोरी, अष्कोल आणि आनेर यांचा भाऊ (उत्पत्ती १४:१३). त्याच्या झाडांपाशी, हेब्रोनजवळ, अब्राहामाने तंबू ठोकला आणि वेदी बांधली (१३:१८).

मग अठराव्या अध्यायातली ती भर दुपार. अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे, वर पाहतो तर तीन पुरुष समोर उभे. हा म्हातारा धावत जातो, भुईपर्यंत लवतो, पाय धुवायला पाणी मागवतो आणि पाहुण्यांना झाडाखाली टेकायला सांगतो. थोडी भाकर आणतो म्हणाला खरा, पण सारेला तीन मापं सपीठ मळायला लावतो, गुरांत जाऊन स्वतः कोवळं वासरू निवडतो, दही-दूध आणतो. पाहुणे जेवत असताना तो झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो.

या कथेत दोन जागा आहेत: पाहुणे झाडाखाली, सारा तंबूत. मुलगा होईल हे वचन झाडाखाली उच्चारलं जातं आणि सारा ते तंबूच्या दाराआडून ऐकून मनात हसते. ते हसूही बाहेर ऐकू जातं. वेदी नाही, मंदिर नाही, याजक नाही. एक जेवण आहे. बायबलमधलं 'देव माणसाच्या घरी आला' याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात धीट चित्र आहे.

५. मम्रेचं ते झाड आजही आहे का?

मूळ झाड नाही. पण दावा सांगणाऱ्या जागा दोन आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिली जागा रामत अल-खलील, हेब्रोनच्या उत्तरेला साधारण तीन किलोमीटरवर. इथे हेरोदाच्या काळातल्या धाटणीच्या प्रचंड दगडी चिऱ्यांचं, सुमारे ४९ बाय ६५ मीटरचं कुंपण आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस हेब्रोनजवळच्या एका भव्य झाडाबद्दल लिहितो की जगाच्या उत्पत्तीपासून ते उभं आहे असं लोक सांगत. इथे मोठी जत्रा भरायची. इ.स. १३५ मध्ये बार कोखबाचं बंड मोडल्यावर रोमन सत्तेने पकडलेल्या यहुद्यांना याच जत्रेत गुलाम म्हणून कवडीमोलाने विकलं, असं जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने नोंदवलं आहे. अब्राहामाच्या लेकरांना अब्राहामाच्या झाडाखाली विकलं. रब्बींनी या जत्रेत व्यवहार करायला मनाई केली होती आणि अशा जत्रांमध्ये हिला सगळ्यात वाईट ठरवलं होतं.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहाला त्याच्या सासूने, युट्रोपियाने, कळवलं की तिथे मूर्ती आणि बली चालू आहेत. त्याने यरुशलेमच्या मकारिऑससह इतर बिशपांना पत्र लिहून मूर्ती जाळायला, वेदी पाडायला आणि चर्च बांधायला सांगितलं. चर्च झालं, पण जत्रा थांबली नाही. पाचव्या शतकातला चर्चचा इतिहासकार सोझोमेन हा गाझाजवळच्या गावचा, त्यामुळे त्याचं वर्णन जवळच्या माणसाचं आहे. तो सांगतो, उन्हाळ्यातल्या या जत्रेला यहुदी, ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक तिघेही येत: यहुदी अब्राहामासाठी, मूर्तिपूजक देवदूतांसाठी, ख्रिस्ती येशूसाठी. लोक वर्षभर आपलं उत्तम जनावर यासाठी राखून ठेवत. स्त्रीपुरुष उघड्यावर जवळजवळ मुक्काम करत, तरी सगळे संयमाने राहत. मूर्तिपूजक अब्राहामाच्या विहिरीपाशी दिवे लावत, तिच्यात द्राक्षारस, पोळ्या, नाणी, सुगंधी द्रव्यं टाकत. त्यामुळे जत्रेच्या दिवसांत विहिरीचं पाणी कुणी भरत नसे. जॉर्डनमधल्या मादाबाच्या सहाव्या शतकातल्या मोझेक नकाशावर हे ठिकाण झाडासह दाखवलं आहे. १९२६ ते १९२८ दरम्यान एव्हारिस्तो माडर यांनी इथे उत्खनन केलं.

दुसरी जागा हेब्रोनच्या पश्चिमेला, रशियन ऑर्थोडॉक्स मठाच्या आवारात. ही जमीन १८६८ साली रशियन मठाधिपती अंतोनिन यांनी मिळवली. फोटोंमध्ये 'अब्राहामाचा ओक' म्हणून दिसतो तो इथला. तो १९९६ मध्ये वाळला, पुढे मुळाशी नवा फुटवा आला, आणि जुनं खोड २०१९ मध्ये कोसळलं. झाड खूप जुनं होतं यात शंका नाही. अब्राहामाच्या काळातलं मात्र नव्हतं.

६. अशेरा म्हणजे देवी, लाकडी खांब की झाड?

बायबलमध्ये तिन्ही अर्थांच्या जवळचे उल्लेख सापडतात. देवी: इस्राएलच्या ईजबेल राणीच्या पंगतीला जेवणारे अशेरेचे ४०० संदेष्टे (१ राजे १८:१९). खांब: वेदीजवळ उभा केला जाणारा आणि तोडता-जाळता येणारा. झाड: बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक (१६:२१) म्हणतं, परमेश्वराच्या वेदीजवळ अशेरा म्हणून कोणतंही झाड लावू नकोस. सीरियातल्या उगारित इथे १९२९ पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर तिथल्या मुख्य देवाची, एलची, पत्नी म्हणून तिचं नाव येतं.

१९७५-७६ मध्ये सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद इथे मोठे रांजण सापडले, इ.स.पू. ८०० च्या आसपासचे. त्यांवर शाईने 'शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद लिहिला आहे (यहोवा हे परमेश्वराचंच नाव). एका चित्रात झाड आहे आणि दोन्ही बाजूंनी त्याला तोंड लावणारे रानबोकड. ही 'त्याची अशेरा' म्हणजे देवी की पूजेचा खांब, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण एक गोष्ट उघड झाली: संदेष्टे ज्याविरुद्ध ओरडत होते ते परक्यांच्या घरातलं नव्हतं. परमेश्वराचं नाव घेणारेच अशेरेचं नाव घेत होते. मनश्शे राजाने तर अशेरेची मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात बसवली (२ राजे २१:७), आणि पुढे योशीया राजाने ती काढून किद्रोन ओढ्याकाठी जाळली (२३:६). योशीयाच्या या सुधारणा इ.स.पू. ६२२ च्या सुमाराच्या.

७. अब्राहामाने झाड लावून परमेश्वराचं नाव घेतलं तर चालतं, आणि नंतर तेच निषिद्ध? हा विरोधाभास नाही का?

आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. बैरशेबाला अब्राहाम झाड लावतो आणि सनातन देवाचं नाव घेतो. पुढे अनुवाद १२:२ सांगतं की उंच डोंगरांवरची, टेकड्यांवरची आणि प्रत्येक हिरव्या झाडाखालची पूजास्थळं उद्ध्वस्त करा. होशेय ४:१३ मध्ये तर कारणही दिलं आहे: लोक या झाडांखाली धूप जाळतात, कारण सावली चांगली असते.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, काळ बदलला होता. भटक्या कुटुंबप्रमुखाचं एक झाड वेगळं. प्रत्येक टेकडीवर अशेरा उभी असलेल्या राज्यातलं झाड वेगळं. दुसरी गोष्ट शास्ते सहाव्या अध्यायात आहे. देवदूत अफ्रा इथल्या झाडाखाली बसतो, गिदोन तिथे वेदी बांधतो, आणि त्या झाडाला कुणी हात लावत नाही. त्याच रात्री गिदोनाला आज्ञा होते: बापाची बआल या कनानी देवाची वेदी पाड, तिच्याजवळची अशेरा तोड आणि तिच्याच लाकडांवर गोऱ्हा अर्पण कर. तो घाबरून दहा नोकर घेऊन हे रात्री करतो. एकाच अध्यायात एक झाड उभं राहतं आणि एक लाकूड जळतं. कुऱ्हाड पडली ती पूजेवर. ज्यांनी हे ग्रंथ संकलित केले त्यांना पूर्वजांच्या झाडांच्या कथा गाळता आल्या असत्या. त्यांनी त्या ठेवल्या, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत.

८. दबोरा नावाचं झाड होतं का?

दोन दबोरा आहेत. एक रिबकेची दाई. ती बेथेलच्या खाली झाडाखाली पुरली गेली आणि त्या झाडाला 'रडण्याचा ओक' असं नाव पडलं (उत्पत्ती ३५:८). दुसरी न्याय करणारी संदेष्ट्री. ती रामा आणि बेथेल यांच्यामध्ये 'दबोरेच्या खजुरी'खाली बसायची आणि लोक तिच्याकडे निवाड्यासाठी जात (शास्ते ४:५). दोन्ही झाडं बेथेलच्या परिसरातली, म्हणून घोटाळा होतो.

९. झाडाखाली माणसं का पुरत असत? आणि याकोबाने मूर्ती का पुरल्या?

दफनाची खूण कायम राहावी म्हणून. शौल आणि त्याच्या मुलांच्या अस्थी याबेशच्या लोकांनी टॅमरिस्कखाली पुरल्या (१ शमुवेल ३१:१३). १ इतिहास १०:१२ मध्ये तेच झाड वेगळ्या जातीचं सांगितलं आहे. अब्राहामाने सारेसाठी एफ्रोन हित्तीकडून ४०० शेकेल रुप्याला मकपेलाची गुहा घेतली, तेव्हा व्यवहारात शेत, गुहा आणि हद्दीतली सगळी झाडं असं स्पष्ट म्हटलं आहे (उत्पत्ती २३:१७). सातबारा उताऱ्यावर झाडांची नोंद पाहिलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. अब्राहामाच्या मालकीची त्या देशातली ही पहिली जमीन.

अब्राहामाचा नातू याकोब याची गोष्ट वेगळी. त्याच्या घरच्यांनी परके देव आणि कानांतले दागिने आणून दिले. ते त्याने शखेमाच्या झाडाखाली गाडले (३५:४) आणि मगच बेथेलला वेदी बांधायला निघाला.

१०. बेथेलला तर दगड होता. मग ते 'देवाचं घर' कसं?

याकोब पळून जात असताना उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत टेकलेली शिडी दिसली. सकाळी त्याने तोच दगड उभा करून वर तेल ओतलं आणि लूज नावाच्या त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचं घर, असं नाव दिलं (उत्पत्ती २८). छप्पर नसलेलं घर.

पुढे यराबाम राजाने तिथे सोन्याचं वासरू बसवलं. मग आमोस संदेष्ट्याला सांगावं लागलं की बेथेलचा धावा करू नका (आमोस ५:५), आणि योशीयाने तिथली वेदी फोडली. जागा तीच, स्वप्नही खरं, तरी जागेच्या पुण्याईवर पुढच्यांचं भागलं नाही.

११. बायबलचा देव राहतो कुठे: तंबूत, मंदिरात की स्वर्गात?

मोशेच्या अखेरच्या आशीर्वादात परमेश्वराला चक्क झुडपात राहणारा म्हटलं आहे (अनुवाद ३३:१६). त्यानंतर निवासमंडप: वाळवंटात मिळणाऱ्या बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या आणि पडदे, उचलून नेता येईल असा. दावीद घर बांधायला निघाला तेव्हा उत्तर आलं की मी आजवर तंबूतूनच फिरत आलो, गंधसरूचं घर मी कुणाकडे मागितलं होतं? (२ शमुवेल ७:६-७).

शलमोनाने ते सात वर्षांत बांधलं: ६० हात लांब, २० रुंद, ३० उंच. सोरचा राजा हिराम याने लबानोनातून गंधसरू पाठवले. आतून सगळीकडे लाकूड, दगड दिसत नव्हता. भिंतींवर करूब (पंख असलेले स्वर्गीय रक्षक), खजुरीची झाडं आणि उमललेली फुलं कोरलेली (१ राजे ६:१८, २९). बाहेर वेदीजवळ झाड लावायची बंदी, आणि आत भिंतभर झाडं! हा विरोध वाटतो, पण करूब आणि झाडं एकत्र आली की एदेन बाग आठवते (प्रश्न १२). सात दिव्यांच्या समईलाही फांद्या, कळ्या आणि बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आहेत (निर्गम २५). आणि एवढं सगळं बांधून झाल्यावर शलमोन स्वतः प्रार्थनेत म्हणतो की स्वर्ग आणि स्वर्गांचा स्वर्ग यांतही तू मावत नाहीस, मग या घरात काय मावणार (१ राजे ८:२७).

१२. एदेनातलं फळ सफरचंद होतं का?

बायबल फळाचं नाव देत नाही. नाव आहे ते अंजिराच्या पानांचं, ज्यांनी आदाम-हव्वेने अंग झाकलं. झाडं दोन: बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं आणि जीवनाचं. जीवनाच्या झाडाकडची वाट राखायला करूब ठेवले गेले. तेच झाड शेवटच्या अध्यायात पुन्हा येतं: वर्षाला बारा वेळा फळणारं, पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी (प्रकटीकरण २२:२).

१३. मांडवांचा सण झाडांशी कसा जोडलेला आहे?

सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायचं, मिसरातून निघालेले पूर्वज असे राहिले म्हणून (लेवीय २३:४२-४३). बंदिवासातून परतल्यावर नहेम्याच्या काळात लोकांनी डोंगरावरून जैतून, मेंदीसारखी सुवासिक झुडपं, खजुरी यांच्या फांद्या आणून घरांच्या छतांवर, अंगणांत, चौकांत मांडव घातले (नहेम्या ८:१५-१६). पक्क्या घरातल्या माणसाने वर्षातून एकदा कच्च्या घरात राहायचं. कोकण-मुंबईतले बेने इस्राएल यहुदी हाच सण नारळाच्या झावळ्यांच्या मांडवात साजरा करत आले.

१४. अलिबागजवळच्या एलियाहूच्या टाप्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही, पण प्रश्न योग्य आहे. एलीया संदेष्टा वाळवंटात एका झुडपाखाली मरण मागत बसला होता आणि तिथेच त्याला भाकर-पाणी मिळालं (१ राजे १९). बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे की खंडाळे इथल्या खडकावर 'एलियाहू हनावीच्या', म्हणजे याच एलीया संदेष्ट्याच्या, स्वर्गारोहणाची खूण उमटली. तिथे नवस बोलतात आणि पोहे, नारळ, गूळ किंवा साखर, फळं यांचा मलिदा करतात. बायबलबाहेरच्या भूमीवर बायबलमधल्या माणसाची जागा कशी रुजते, याचं हे आपल्या जवळचं उदाहरण.

१५. आपल्या वड-पिंपळाशी किंवा देवराईशी तुलना करता येईल का?

सामाजिक वापरात साम्य आहे. दबोरा खजुरीखाली निवाडे करते, शौल भाला हातात घेऊन टॅमरिस्कखाली दरबार भरवतो (१ शमुवेल २२:६). पण मुख्य प्रवाहात झाडाला नैवेद्य किंवा प्रदक्षिणा नाही, अर्पण वेदीवर. देवराईसारखा, देवाच्या नावाने रान राखण्याचा नियमही नाही. जवळचा नियम वेगळाच आहे: वेढा घातलेल्या नगराची फळझाडं तोडू नका (अनुवाद २०:१९).

१६. शखेमात झाड एकच होतं की अनेक?

अब्राहामाचं मोरेचं झाड, याकोबाने मूर्ती गाडल्या ते, यहोशवाने साक्षीचा मोठा दगड उभा केला ते (यहोशवा २४:२६), अबीमलेखाला राजा केलं ते (शास्ते ९:६), आणि लढाईच्या वर्णनातलं ज्योतिष्यांचं झाड (९:३७). पहिली चार एकाच पवित्र आवाराभोवतीची असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. पाचव्याबद्दल मतभेद आहेत. नाबलुसजवळच्या तेल बलाता इथल्या उत्खननात जाड भिंतींचं मंदिर आणि भला मोठा उभा दगड सापडला.

याच परिसरात याकोबाची विहीर आहे. तिथे शोमरोनी बाईने येशूला विचारलं की उपासनेची खरी जागा हा गरिज्जीम डोंगर की यरुशलेम? उत्तर मिळालं: ना हा, ना तो, आत्म्याने आणि खरेपणाने (योहान ४:२०-२४). अब्राहामाने पहिली वेदी बांधली त्या खोऱ्यातच हे बोललं गेलं. शोमरोनी समाज आजही गरिज्जीमवर वल्हांडणाचा सण पाळतो.

१७. यांतल्या कोणत्या जागा पाहता येतात?

शखेमसाठी तेल बलाता, आणि जवळच याकोबाची विहीर; ती आता ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात आहे. बेथेल म्हणजे बहुधा आजचं बैतीन गाव. मम्रेसाठी रामत अल-खलील मागा. नुसतं 'अब्राहामाचा ओक' म्हटलं तर तुम्हाला रशियन मठाकडे नेतील. मकपेलाची गुहा हेब्रोनमध्ये हेरोदकालीन भिंतींच्या आत, मशीद आणि सिनेगॉग अशा दोन भागांत. या जागा वेस्ट बँकमध्ये आहेत. जाण्याआधी त्या आठवड्याची परिस्थिती तिथल्या वाटाड्याकडून विचारून घ्या.